दोन रेघांखालचं नाव

ज्योती, माझी मुलगी, बारडोलीहून आली की आधी त्या टेबलाकडे बघते. टेबलावर कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर विमलने शिवलेलं झाकण आहे, साडीच्या उरलेल्या तुकड्याचं, जांभळ्यावर पिवळी बुट्टी. ती बुट्टी मीच मागावर चढवलेली.

"पप्पा, हे आता काढून टाकू. जागा अडते."

जागा कोणाला पाहिजे आहे? या घरात मी एकटा. मला बसायला किती जागा लागते?

विमल माझी बायको. तिला जाऊन दुसरा उन्हाळा आला. झाकण उचललं की अजून तापलेल्या धुळीचा वास येतो, आणि त्याच्यात जरासा मागाच्या तेलाचा. तो माझ्या हातांचा. बटणांना हात लावायची मला परवानगी नव्हती, तरी मी लावायचो आणि शिव्या खायचो.

मी चौथी शिकलेला माणूस. तेही अमळनेरच्या बाजूच्या खेड्यात, गुरुजी आले तर शाळा. सुरतेत आलो तो पोटासाठी. शहराबाहेर सचिन नावाच्या गावात एका खात्यात लागलो. इथे मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. तिथे जेकार्ड शिकलो. जेकार्ड म्हणजे मागाच्या डोक्यावर बसवलेलं यंत्र. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्याच्यात फिरते. भोक असेल तिथला हूक धागा उचलतो, आणि खाली साडीवर मोर उमटतो. लोक मला मास्तर म्हणायला लागले. गुरुजींनी मला कधी पास केलं नाही, मागाने केलं.

पुठ्ठ्याला भोक कुठे पाडायचं हे सांगणारा एक प्रोग्राम होता, धोटा नावाचा. तो कोणा शेठचा नव्हता. ज्याला पाहिजे त्याने घ्यावा, उघडून बघावा, आत हात घालावा, सुधारावा आणि पुढच्याला द्यावा. कव्हर न लावलेल्या मागासारखा. मला ते फार आवडलं होतं. कव्हर लावलेला माग मला आवडत नाही. बिघडला की कंपनीच्या माणसाची वाट बघत बसा.

तो वापरणाऱ्यांची एक टपालाची यादी होती, कॉम्प्युटरवरच्या ईमेलची. सगळे तिला लिस्ट म्हणायचे. एका पत्त्यावर पत्र टाकलं की यादीतल्या सगळ्यांच्या घरी पोचायचं. मालेगाव, इचलकरंजी, येवला, भिवंडी, खाली चेन्नईपर्यंत. मराठी, हिंदी, मोडकी गुजराती, ज्याला जे येईल ते. कोणाचा हूक अडकला, कोणाचा प्रोग्राम मोराला दोन चोची काढतोय, कोणाच्या पोरीचं लग्न ठरलं, सगळं त्याच पत्रात.

खात्याच्या ऑफिसातून जुना कॉम्प्युटर काढून टाकला तो मी रिक्षात मांडीवर घेऊन पांडेसऱ्याला आणला. विमल दारातच म्हणाली, "म्हातारी म्हैस आणलीत का? दूध देते का बघा." पण ती दहावी पास होती. लग्नाआधी अमळनेरला टायपिंगच्या क्लासला गेलेली. दहा बोटं, खाली न बघता. लग्नानंतर ती बोटं वीस वर्षं नुसती पीठ मळत होती. मला ते कधी टोचलं नाही. टोचायला पाहिजे होतं.

सुटीचा दिवस असा असायचा. सकाळी कळण्याच्या भाकरीचा वास, त्याच्यामागे लसणाच्या ठेच्याचा. बाहेर गिरण्यांच्या चिमण्या थंड, पण रंगाचा आंबूस वास गल्लीत तसाच. मागच्या खाडीचं पाणी बघून आम्ही सांगायचो, आज कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांनी कोणता रंग काढला. लाल, निळा, एखाद दिवशी हिरवागार. विमल अंघोळ करून, कुंकू लावून, खुर्चीवर उशी ठेवून बसायची, जसं काही पूजेला बसली. मग फोनच्या तारेतून तो मोडेम किंचाळायचा. किंचाळणं थांबलं की ती म्हणायची, "बोला."

मी मागे उभा राहून बोलायचो. ती टपटप लिहायची. आठवडाभर मागांच्या खटाखटीने बहिरे झालेले माझे कान, त्यांना तो आवाज पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखा गोड लागायचा.

"सांग त्या गाढवाला, स्प्रिंग गेलीय, बदल म्हणावं."

"गाढव लिहू का?"

"लिही."

ती लिहायची नाही, हे मला माहीत होतं. बाकीचं मी सांगतो तेच लिहिते असं मी धरून चाललो होतो. बारा वर्षं धरून चाललो.

पहिल्याच पत्राला लिस्ट सांभाळणाऱ्याचं उत्तर आलं होतं. चेन्नईचा कोणी होता, कडक माणूस. विमलने आपलं नाव मजकुराच्या मध्ये कुठेतरी टाकलं होतं. त्याने कळवलं, इथे रीत आहे. मजकूर संपला की दोन आडव्या रेघा मारा. त्याखाली सही. चार ओळींच्या वर नाही. विमलने ते व्रतासारखं घेतलं. त्या दिवसापासून प्रत्येक पत्राखाली दोन रेघा, आणि रेघांखाली:

सांगणार: मास्तर
लिहिणार: विमल
पांडेसरा, सुरत

ईमेलचा पत्ता मात्र माझ्या नावाचा. तिनेच काढला तसा. "मास्तर तुम्ही. मी काय, हमाल," म्हणाली आणि हसली. मीपण हसलो.

मालेगावचे अन्सारीभाई होते. ते कधी रेघा मारायचे नाहीत. सुरुवातच करायचे, "मास्टर साब, मैं अन्सारी बोल रहा हूँ मालेगाव से." चेन्नईवाला त्यांना दर महिन्याला रागवायचा, ते दर महिन्याला माफी मागायचे आणि पुढच्या पत्रात परत तेच. एकदा त्यांनी लिहिलं, "भाभी के हाथ का है इसलिए मीठा है. मास्टर ने तो गाली दी होगी." विमल पदराने तोंड झाकून हसली. मी म्हणालो, हसायला काय झालं? खरंच दिली होती.

हिवाळ्यात पोंक यायचा, कोवळ्या ज्वारीचा. वाटीत लिंबू पिळलेला पोंक आणि शेव, एक हात वाटीत, एक हात बटणांवर, म्हणून बटणांमध्ये शेव अडकायची. पतंगांच्या दिवसांत गच्चीवरून पोरांची बोंब यायची आणि ती खिडकी लावून घ्यायची, "ऐकू येत नाही तुमचं." तापीला पूर आला तेव्हा आमच्याकडे पाणी नव्हतं, पण वीज गेली. वीज आल्यावर कॉम्प्युटरवरची टपालपेटी उघडली तर पत्रांचा ढीग. ज्यांची तोंडं आम्ही आयुष्यात पाहिली नाहीत ते विचारत होते, सुरतवाले, कसे आहात? विमलने एकेकाला वेगळं उत्तर लिहिलं. मला विचारलंसुद्धा नाही काय लिहू. भाकरी दुपारी तीनला मिळाली.

लिस्टवर ठरवायची एक रीत होती. कोणी काही सुचवलं की सात दिवस थांबायचं. सात दिवसांत कोणी हरकत घेतली नाही तर सगळ्यांचा होकार. गप्प म्हणजे हो. मला ते बरं वाटायचं, उगाच बडबड नाही. विमलला पटायचं नाही. ती प्रत्येक वेळी वाचून दाखवायची, "बोला, काही हरकत?" मी नाही म्हणायचो. तरी ती लिहायची, आमची हरकत नाही. मी विचारलं, गप्प बसलं तरी चालतं ना? तर म्हणाली, "गप्प म्हणजे हो, हे माझ्या लग्नात ऐकलं. आता नको."

मग मोडेम गेला, तार गेली, फोनवर सगळं आलं. चेन्नईवाला थकला आणि इचलकरंजीचा नीरज लिस्ट बघायला लागला. बायकापोरांचा माणूस, कामाला चांगला, बोलायला गोड. त्याने लिहिलं, आता लिस्ट जुनी झाली. नवीन माणसं येत नाहीत. आपण इंटरनेटवर फोरम करू. तिथे सगळं नीट दिसेल, शोधता येईल, फोटो टाकता येतील. जुनी सगळी पत्रं तिथे उचलून नेऊ. नमुना म्हणून थोडी नेली आहेत, बघा आणि हरकत असेल तर सात दिवसांत सांगा.

ते पत्र आलं तेव्हा विमल दवाखान्यात होती. हातात सलाईन. दवाखान्याची सकाळ, फिनाईलचा वास, शेजारच्या खाटेवरच्या बाईचा चहा. विमल दुसऱ्या हाताने फोन छातीवर धरून बघत होती. आजारी पडली की ती अहिराणीत बोलायची, माहेरची भाषा.

"अहो, आठे सही कोठे गई?"

"कसली सही?"

"आपली. नमुन्यात आपलं पत्र आहे. खाली सही नाही. माले लिखनं शे. चष्मा द्या."

मी फोन काढून घेतला. "सहीचं काय घेऊन बसलीस? सलाईन चालू आहे. आधी बरी हो, मग लिही."

तिने दोनदा मागितला. दुसऱ्या दिवशी परत मागितला. मी म्हणालो, "डॉक्टर ओरडेल." डॉक्टर काही म्हणाला नव्हता. मीच म्हणत होतो. फोन माझ्या खिशात राहिला. तिला आराम पडावा एवढंच डोक्यात होतं. सात दिवस झाले. कोणीच काही बोललं नाही, आम्हीपण नाही. होकार झाला. ती घरी आली ती थोडेच दिवस, आणि त्या दिवसांत तिने सहीचं नाव काढलं नाही.

तेरावं झालं, वर्षश्राद्ध झालं. ज्योतीने माझ्या फोनवर तो फोरम लावून दिला. "पप्पा, बघा, तुम्हाला पदक आहे!" माझ्या नावापुढे एक सोनेरी खूण, खाली लिहिलेलं 'आधारस्तंभ'. पत्रांवर लाल बदाम, वाचणाऱ्याला आवडल्याची खूण. तिला आनंद झाला. तिने ते बारडोलीला नवऱ्यालाही दाखवलं.

ती गेल्यावर मी वाचायला बसलो. मला वाचता येतं, बोट ठेवून. एक पत्र, दुसरं, तिसरं. वर माझं नाव. मजकूर. मजकूर संपला की पुढच्या माणसाचं पत्र. दोन रेघा नाहीत. रेघांखालचं काही नाही. मी एक आठवडा वाचत होतो. बारा वर्षांत एका जागी विमल नाही.

आणि अन्सारीभाई? अन्सारीभाई जाऊन किती दिवस झाले, पण तिथे ठणठणीत आहेत. प्रत्येक पत्रात, मैं अन्सारी बोल रहा हूँ मालेगाव से. ज्याने कधी रीत पाळली नाही त्याचं नाव राहिलं. जिने एक दिवस चुकवली नाही तिचं कापलं. हा न्याय मला कोणी समजावून सांगावा.

दुसरं एक कळलं ते सांगायला जीभ जड होते. मी म्हणालो असेन, स्प्रिंग गेलीय, बदल. पत्रात आहे: 'स्प्रिंग थकली असावी. बदलण्याआधी एकदा सकाळी बघा, दुपारच्या उन्हात दोऱ्या सैल होतात आणि दोष स्प्रिंगवर जातो. माग कोणत्या भिंतीकडे आहे? घरात लहान मूल असेल तर तेलाचा डबा वर ठेवा.' दोऱ्यांचं तिला कोणी सांगितलं? मी कधीतरी जेवताना बोललो असेन, दहा वर्षांपूर्वी. तिने ते ठेवलं आणि बरोबर जागी काढलं. तेलाच्या डब्याचं तर मी आयुष्यात बोललो नाही. माझी एक ओळ, तिच्या दहा. लाल बदाम सगळे त्या दहांवर. आणि पदक मला.

मी नीरजला फोन केला. मी सरळच बोलतो.

"तुम्ही माझ्या बायकोचं नाव का कापलं?"

"काका, काय म्हणता?" तो घाबरलाच. मग त्याने बघितलं आणि म्हणाला, "काका, कोणी मुद्दाम नाही हो केलं. पत्रं उचलताना दोन रेघांखालचं सगळं सॉफ्टवेअर सोडून देतं. सही म्हणजे कचरा धरतात. सगळ्यांचंच गेलं आहे."

"अन्सारीभाईचं नाही गेलं."

तो परत बघायला लागला.

"मूळ पत्रं आहेत ना? परत घाला."

"आहेत काका, पण परत घालायची म्हणजे सगळं उलटंपालटं होणार. त्यावर नवीन लोकांनी उत्तरं दिलीत, ती तुटतील. मी एकटा नाही ठरवू शकत. तुमच्या वतीने फोरमवर मांडतो. लोकांनी पाठिंबा दिला तर करू."

त्याने मांडलं. चांगलं मांडलं, विमलबद्दल मानाने लिहिलं. मी सात दिवस बघत होतो. चार बदाम पडले. एकाने दोन हात जोडल्याचं चित्र टाकलं. बाकी कोणी काही नाही. नीरजचा फोन आला, "काका, प्रतिसाद नाही आला. त्यामुळे नाही करता येणार."

"गप्प म्हणजे हो ना?"

"ते लिस्टवर होतं काका. इथे पाठिंबा मोजतात."

म्हणजे आम्ही गप्प होतो तेव्हा गप्प म्हणजे हो होतं. हे गप्प आहेत तर गप्प म्हणजे नाही. शेठ लोकांच्या नियमांत हा हिशेब मी पाहिला होता. कव्हर नसलेल्या मागावर पाहीन असं वाटलं नव्हतं.

मी नीरजला दोष देत नाही. देतो, पण त्याच्या तोंडावर नाही. पत्र आधी घरी यायचं. आता मला तिथे जावं लागतं, चावडीवर गेल्यासारखं, दारात नाव सांगा, परवलीचा शब्द सांगा. आत गेलं की कोणाला किती पदकं ते आधी दिसतं. सोय झाली म्हणतात. झाली असेल. तिथे पूर आला तर कोण कोणाला विचारेल ते मला माहीत नाही.

नीरजच शेवटी म्हणाला, "काका, एक तुमच्या हातात आहे. फोरमच्या खात्यावरचं नाव तुम्ही बदलू शकता. दोन्ही नावं टाका. सगळ्या पत्रांवर दिसतील."

ज्योती आली होती. तिने फोन घेतला. "काय टाकू पप्पा? मास्तर आणि विमल?"

"नुसतं विमल."

"पप्पा, कसं चालेल? काम तुमचं होतं. तुमचं नाव पूर्ण जाईल."

"जाऊ दे."

"आई असती तर तिने नसतं करू दिलं."

"तिने करू दिलं नसतं म्हणून तर माझं नाव लागलं ना बारा वर्षं! टाक."

ती रडली. रडत रडत टाकलं. एका क्षणात सगळी पत्रं विमलची झाली. माझी एक ओळ आणि तिच्या दहा, सगळ्या तिच्या. पदकही तिला गेलं. मी भाकरी खाल्ली आणि झोपलो. मला वाटलं, झालं.

तीन दिवसांपूर्वी सकाळी फोनवर खूण आली. येवल्याच्या एका बाईचं पत्र. फोरमवर विमलला उद्देशून.

'विमलताई, तुमची जुनी पत्रं सगळी वाचली. तुमच्या आधाराने मी पैठणीच्या मागावर जेकार्ड चढवलं. सासरे म्हणत होते, बायकांचं काम नाही. आता सगळं बसलं, पण मोराच्या मानेत एक धागा उचललाच जात नाही. तीन दिवस माग बंद आहे. सांगाल का?'

मला वाचतानाच उत्तर आलं. हवा दमट असली की पुठ्ठा फुगतो, भोक आखडतं, हुकाची सुई आत जात नाही. एवढंच. ज्योती बारडोलीला गेलेली. मी टेबलाशी बसलो, फोन समोर ठेवला, आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधायला लागलो.

आधी खरं ते लिहिलं. 'विमल वारली. मी तिचा नवरा.' पाठवायच्या आधी वर बघितलं. शेजारी नाव होतं विमल. विमल सांगत होती की विमल वारली. माझा हात थांबला. ती ओळ मी पुसली. खोटं बोलायचं नव्हतं, पण तिच्या तोंडून तिचं मरण मला लिहवेना. आणि बाईचा माग बंद होता. बंद माग मला बघवत नाही.

मी लिहिलं: 'पुठ्ठा दमट आहे. उन्हात ठेवा. नाही झालं तर सुई बघा.' याला सकाळ गेली. पाठवलं.

दुपारी तिचं उत्तर आलं.

'ताई, चालू झालं! मान सरळ आली. सासऱ्यांनी स्वतः येऊन बघितली. पण ताई, एवढंच लिहिलंत? नेहमी किती विचारता सगळ्यांना. माझं काही चुकलं का?'

तीन दिवस झाले. रोज उघडतो, वाचतो. तुमचं काही चुकलं नाही, हे लिहायला मला येतं. त्याच्यापुढे विमलने काय लिहिलं असतं, ते येत नाही.